दारू, डाय आणि दाजी

आमचा भाचा अमेरिकेत रोज रात्री जेवण झालं की तळघरात जाऊन दारू भरतो, हे वाक्य मी एकदा ओट्यावर बसून मोठ्यानं बोललो आणि पुढचे आठ दिवस ताईनं माझ्याशी अबोला धरला. वास्तविक त्यात खोटं काही नव्हतं. तो दारूच भरतो. फक्त पेल्यात न भरता पितळेच्या पुंगळीत भरतो, आणि तीही तराजूवर तोलून. पण बोनकोडे गावठाणातली घरं अशी की या खिडकीतून त्या खिडकीत कोथिंबीर देता येते. 'बंदुकीची' हे विशेषण शेजाऱ्यांच्या कानी पडेपर्यंत 'दारू' कोपरखैरणे स्टेशनला जाऊन परत आली होती.

भाचेबुवा विस्कॉन्सिनला असतात. पोटासाठी कॉम्प्युटर आणि जिवासाठी रायफल. हजार यार्डांवरच्या कागदाला भोक पाडणं हा त्याचा छंद. हजार यार्ड म्हणजे नऊशे चौदा मीटर. तेवढ्यावरून मला बसचा नंबर सोडाच, बसही दिसत नाही. अशा नेमबाजीला दुकानातलं काडतूस चालत नाही म्हणे. वापरलेली पुंगळी पुन्हा साच्यात घालून मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची आणि वर गोळी दाबायची. या साच्याला डाय म्हणतात. यंदाच्या दिवाळीला तो आला तो चॉकलेटांऐवजी या डायांचा जाडजूड कॅटलॉग घेऊन.

"मामा, तू एवढी परीक्षणं लिहितोस. हे वाच आणि सांग कुठली घेऊ."

तीस वर्षं मी दिवाळी अंकांतून काव्यसंग्रहांची परीक्षणं लिहितो आहे, हे खरं. पण काव्यसंग्रहाचं परीक्षण संग्रह न वाचता लिहिता येतं. कॅटलॉगाचं तसं नाही. त्यात किमती असतात. मी चष्मा पुसला आणि बसलो.

ग्रंथाचा विषय थोडक्यात असा. बार उडाला की पुंगळी फुगते आणि त्या विशिष्ट रायफलीच्या पोटाचा आकार घेते, कोल्हापुरी चपलेनं पायाचा आकार घ्यावा तशी. आता ती परत वापरायची तर थोडी आवळायला हवी. एक डाय सगळं अंग आवळते, खांदाही खाली ढकलते. चप्पल पुन्हा दुकानात होती तशी. दुसरी नुसती मान आवळते, म्हणजे अंगठा तेवढा घट्ट आणि बाकी चप्पल पायाला ओळखणारीच. ऐकायला दुसरी बरी वाटते. बरीच वर्षं पुष्कळ नेमबाजांनाही ती बरी वाटत असे. पण मानच तेवढी आवळत राहिलं की पाचसात बारांनंतर अंग इतकं फुगतं की पुंगळी रायफलीत शिरायला कुरकुर करते. लग्नातला कोट दहाव्या वाढदिवसाला घालू पाहणाऱ्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

लेखकांपैकी आरसीबीएस हे जुनं घराणं. या अक्षरांचा विस्तार 'रॉक चक बुलेट स्वेज' असा आहे, आणि रॉक चक हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा एक गुबगुबीत प्राणी. त्याला टिपायच्या गोळ्यांच्या साच्यापासून घराण्याची सुरुवात. आपल्याकडे एवढ्याशा निमित्तावर फार तर एखादी चारोळी झाली असती. दुसरे ली. हे भाचेबुवांच्याच विस्कॉन्सिनचे, हार्टफर्ड गावचे. 1958 साली रिचर्ड ली यांनी हातोडीनं ठोकून काडतूस भरायचा एक छोटा संच काढला, तेव्हापासून हे घर स्वस्त आवृत्तीसाठी प्रसिद्ध. यांची कॉलेट डाय मान बाहेरून चिमटीत धरून आतल्या दांड्यावर दाबते. तेल लागत नाही, किंमत कमी. माझं मत तिथंच पडलं होतं. स्वस्त आणि उपयोगी पुस्तकाला समीक्षक नावं ठेवतात, पण विकत तेच घेतात.

मग रेडिंग आणि फॉर्स्टर ही मानपानाची मंडळी. यांच्यात मान आवळायला सुटी कडी मिळते. बुशिंग म्हणतात तिला. एकेका थाऊच्या फरकानं ती विकत घ्यायची. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपला केस साधारण तीन थाऊ भरतो (ज्यांना आहे त्यांचा). भरलेल्या काडतुसाची मान मोजायची आणि तिच्याहून थाऊ-दोन थाऊ लहान कडी निवडायची. साध्या डायीत हे काम दोन टप्प्यांत होतं. आधी मान जरुरीपेक्षा जास्त आवळायची आणि मग एक गोळा आतून ओढून ती रुंद करायची. सदऱ्याच्या बाहीतून हात ओढून काढताना बाही वेडीवाकडी व्हावी तशी त्या ओढण्यात मान तिरपी होते, आणि तिरप्या मानेतून गोळी सरळ निघेल ही आशा व्यर्थ आहे.

इतकं मी हिला समजावून सांगत होतो. ही चकल्या पाडत होती. सोऱ्यातून मान वर न करता म्हणाली, "आधी तेलाचा हात लावायला सांग. कोरड्या सोऱ्यात पीठ घातलं की बसलात." मी पान उलटलं आणि चकित झालो. तेल न लावता घातलेली पुंगळी डायीत अडकते, आणि अशी अडकलेली पुंगळी उपटून काढायचं सामान याच ग्रंथात पुढे विकायला ठेवलं होतं. आपल्या वाचकाच्या मूर्खपणावर इतका गाढ विश्वास असलेला प्रकाशक मी दुसरा पाहिला नाही.

इथं एक सूचना करून ठेवतो. हे वाचून कुणी बोनकोड्यात प्रयोग करू नये. 1959 च्या शस्त्र कायद्यानं काडतूस बनवायला परवाना लागतो. आपल्याकडे हे काम खडकीच्या आणि वरणगावच्या कारखान्यांचं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलं ते पन्नास मीटरवर आणि .22 च्या काडतुसांनी. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेती झाली तीही याच जातीच्या काडतुसांवर. त्यात प्रायमरचा मसाला पुंगळीच्या काठातच पसरलेला असतो, म्हणून ती पुन्हा भरताच येत नाहीत. तिथं निवड डायीची नसते, लॉटची असते. रायफल पकडीत आवळायची, वेगवेगळ्या लॉटची काडतुसं मारून बघायची, आणि जो लॉट आपल्या नळीला मानवेल त्याची खोकी घेऊन ठेवायची. मूठभर तांदूळ शिजवून बघून मगच पोतं घेणाऱ्या गृहिणीला यात नवीन काही नाही.

आता ग्रंथाचे दोष. पहिला दोष विशेषणांचा. साधी डाय यात औषधालाही नाही. एक 'मॅच', दुसरी 'कॉम्पिटिशन', तिसरीला दोन्ही. नवकवींच्या प्रस्तावनाही इतक्या सढळ नसतात. शंका मात्र जिथं येते तिथं ग्रंथ गप्प. डाय कितीही चांगली असली तरी ती माझ्या भाच्याच्या रायफलीला किती मापात आहे, हे कुठंच नाही. रायफलीचं पोट सैल आणि डाय तंग असली की पितळ दर खेपेला फुगणार आणि आवळलं जाणार, आणि ठोकून ठोकून पितळ कडक होतं हे तांबट आळीत कुणीही सांगेल. म्हणून तर तांबट भांडं मधूनमधून भट्टीत धरतो. मान कडक झाली की कडी तीच असली तरी पकड बदलते, पकड बदलली की गोळीचा वेग बदलतो, आणि हजार यार्डांवर वेगातला फरक कागदावर वर-खाली दिसतो.

इथवर आलो आणि अडलो. आता दाजींकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि नेमकं तेच करायचं नव्हतं.

दाजी म्हणजे भाच्याचे वडील. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टूलरूममध्ये डाय-मेकर. मुलानं टूलरूममध्ये यावं ही त्यांची इच्छा. मुलगा कॉम्प्युटरकडे गेला. पुढे कारखानाच बंद पडला, तेव्हा मुलाचं बरोबर ठरलं, आणि बरोबर ठरलेल्या मुलाला क्षमा करणं बापाला फार जड जातं. त्यात तो बंदुका ठेवतो हे कळल्यापासून "जेवलास?" आणि "हो" एवढाच दोघांचा पत्रव्यवहार. दोन वर्षांपूर्वी दाजींची उजवी बाजू गेली. बोलणं परतलं, पण सावकाश. हात परतला नाही. कॅटलॉग दाजींच्या नजरेला पडू द्यायचा नाही, असं ताईनं सगळ्यांना बजावलं होतं.

मी तो पिशवीत कोथिंबिरीखाली घालून नेला.

दाजींनी डाव्या हातानं पानं उलटली. विशेषणांकडे बघितलंही नाही. डायीचा उभा छेद दाखवणारं एक चित्र होतं, तिथं थांबले. बराच वेळ. मग म्हणाले, "टॉलरन्स कुठं लिहिलाय?"

मी शोधला. नव्हता.

"मग हे पुस्तक नव्हे. लग्नपत्रिका आहे."

तीस वर्षांत मला असं एक वाक्य लिहिता आलेलं नाही.

मग त्यांनी भाच्याला हाक मारायला लावली. तो दारात उभा राहिला, शाळेतून तक्रार आल्यासारखा. दाजी म्हणाले, "पुंगळी किती फुगते?" तो म्हणाला, "खांद्यापाशी पाच थाऊ." "किती पुंगळ्या मोजल्यास?" "दहा." "दाखव." दहाही पुंगळ्यांची मापं त्याच्या फोनमध्ये होती, बाराआधीची आणि बारानंतरची. दाजींनी ती वाचायला तीन वेळा चष्मा मागितला. तो नाकावरच होता. चार वाजता बसलेले बापलेक नऊला उठले. मध्ये ताई दोनदा चहा घेऊन आली आणि दोन्ही वेळा काही न बोलता ठेवून गेली.

निकाल असा लागला. नुसती मान आवळणारी डाय नको. सबंध अंगाचीच घ्यावी, पण बुशिंगवाली. आतला गोळा काढून टाकावा. आणि ती अशी लावावी की खांदा थाऊ-दीड थाऊच मागं जाईल, जास्त नाही. गोळी दाबायच्या डायीला मायक्रोमीटरचं डोकं असलं तर बरं, पण आधी मान तिरपी फिरते का ते बघायला चांगला डायल गेज घ्यावा, नाहीतर कळणार काय? मी लीच्या कॉलेट डायीची बाजू मांडली. दाजी म्हणाले, "ती वाईट नाही. डोकं आहे करणाऱ्याला. पण खांद्याचं काय?" खांद्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. भाचा म्हणाला, "बाबा, तिकडचे चांगले नेमबाज आता हेच करतात." दाजी म्हणाले, "मग मला कशाला विचारलंस?" पण रागानं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरची लाकडी पेटी खाली आली. तेलकट फडक्यातला मायक्रोमीटर निघाला. शून्य अजून शून्यावर होतं. मोजायला पुंगळी कुठून आणणार? मी आमचा सोऱ्या नेऊन दिला. भाच्यानं चौकट धरली, दाजींनी डाव्या हातानं रॅचेट फिरवली, आणि सोऱ्याचा दट्ट्या तीन जागी मोजला. दट्ट्या गोल नव्हता. अकरा थाऊंनी अंडाकृती होता. पीठ बाजूनं वर का चढतं, याचा खुलासा झाला.

मी धावत घरी येऊन हिला सांगितलं.

"अकरा थाऊ?" ही म्हणाली. "आणि काल बसून बसून चकल्या किती खाल्ल्यात, ते मोजलंत का?"