ठळक अक्षराचा अर्थ काय? मॅन पानांची भाषा आणि एमडॉकची बाजू

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे, हे आधीच सांगून टाकतो. युनिक्स, बीएसडी किंवा लिनक्सवर आपण 'मॅन' लिहून पुढे एखाद्या आज्ञेचं नाव देतो आणि एक पान उघडतं. ते पान पडद्यामागे कोणत्या भाषेत लिहिलेलं असतं, आणि ती भाषा चांगली की वाईट, एवढाच आजचा प्रश्न. कादंबरीची समीक्षा होते, सिनेमाची होते. पण ज्या मजकुराकडे प्रोग्रामर अडला की धावतो, त्या मजकुराच्या घडणीची समीक्षा फारशी होत नाही. ती आज थोडी करू या.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही. १९६४ मध्ये एमआयटीत जेरोम साल्टझर यांनी 'रनऑफ' नावाचा प्रोग्राम लिहिला. मजकूर लिहायचा, आणि मध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या ओळींत मांडणीच्या सूचना द्यायच्या, अशी त्याची रीत. ती रीत पुढे बेल लॅब्जमध्ये 'रॉफ' म्हणून पोचली. तिथे युनिक्सला पीडीपी-११ हे यंत्र मिळालं ते पेटंट विभागासाठी मजकूर तयार करून देण्याच्या निमित्ताने. म्हणजे कागदपत्रं सुबक छापणं हे युनिक्सचं पोट भरण्याचं साधन होतं. युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. नाव, सारांश, वर्णन, आणि हो, 'बग्ज' हा विभागसुद्धा त्यात तेव्हापासून आहे. आपल्या प्रोग्रामचे दोष मॅन्युअलमध्ये स्वतःच छापायचे, हा प्रामाणिकपणा तिथून आला.

पुढे जो ओसाना यांनी टीरॉफ लिहिलं, ते थेट फोटोटाईपसेटरवर छापायचं. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत डग मॅकिलरॉय यांचा 'मॅन' हा मॅक्रोसंच आला. आजही लिनक्सवरची बहुतेक पानं याच संचात लिहिलेली आहेत. आणि इथेच आपल्या टीकेला सुरुवात होते.

हा 'मॅन' संच काय सांगतो? मथळा, परिच्छेद, यादी यांच्यासाठी त्यात मॅक्रो आहेत. पण वाक्याच्या आत गेलात की त्याच्याकडे मुख्यतः दोनच गोष्टी उरतात: हे ठळक कर आणि हे तिरकं कर. 'सॉर्ट' या आज्ञेचं उदाहरण घेऊ. तिला 'डॅश-ओ' हा पर्याय आहे आणि त्यापुढे आउटपुट फाईलचं नाव द्यायचं असतं. 'मॅन' संचात लेखक म्हणतो: इथून ठळक, डॅश-ओ, ठळक बंद, तिरकं, आउटपुट, तिरकं बंद. छपाईयंत्राला हे पुरेसं आहे. पण डॅश-ओ हा पर्याय आहे, आणि आउटपुट ही वापरणाऱ्याने भरायची जागा आहे, हे त्या पानात कुठेही नोंदलेलं नाही. ते लेखकाच्या डोक्यात होतं. लिहिताना ते गळून पडलं आणि मागे फक्त शाई राहिली.

बरं, 'मॅन' पानात ठळक काय काय असतं? आज्ञेचं नाव ठळक. पर्याय ठळक. फंक्शनचं नाव ठळक. मथळे ठळक. कुणाला जोर द्यायचा असेल तर तेही ठळक. तिरक्या अक्षरांचीही तीच गत: फाईलचा मार्ग, भरायची जागा, पुस्तकाचं नाव, सगळं एका माळेत. माणूस संदर्भावरून ओळखतो. यंत्राला संदर्भ कळत नाही, ते अडतं.

१९९० मध्ये बर्कलेच्या ४.३बीएसडी-रिनो या आवृत्तीत सिंथिया लिव्हिंग्स्टन यांचा 'एमडॉक' हा संच आला. त्याने प्रश्नच उलटा केला. लेखकाने कसं दिसेल ते सांगायचं नाही, काय आहे ते सांगायचं. तीच सॉर्टची ओळ एमडॉकमध्ये अशी: टिंब, एफएल, ओ, एआर, आउटपुट. संपलं. एफएल म्हणजे फ्लॅग, एआर म्हणजे अर्ग्युमेंट. फाईलच्या मार्गाला पीए, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ईव्ही, एररच्या सांकेतिक नावाला ईआर, दुसऱ्या पानाच्या संदर्भाला एक्सआर. ठळक करायचं की तिरकं, ते छापणारा प्रोग्राम ठरवेल.

आता कुणी म्हणेल, टर्मिनलवर तर दोन्ही पानं सारखीच दिसतात! बरोबर आहे. अगदी बरोबर. एआर, पीए आणि नुसता जोर देणारा ईएम, तिन्ही टर्मिनलवर बहुधा अधोरेखितच दिसतात. वाचणाऱ्याच्या डोळ्याला काडीचा फरक नाही. मग एवढा खटाटोप कशाला?

तीन कारणं देतो.

पहिलं कारण शोधाचं. क्रिस्टाप्स झोन्सन्स यांनी २००८ मध्ये 'मँडॉक' हा नवा प्रोग्राम लिहायला घेतला. पुढे इंगो श्वार्त्झे यांनी तो सांभाळला आणि वाढवला, आणि ओपनबीएसडीने २०१० च्या सुमारास मॅन पानांसाठी ग्रॉफऐवजी तोच घेतला. या मँडॉकच्या 'अप्रोपोस' आज्ञेला तुम्ही विचारू शकता: टीएमपीडीआयआर हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून जिथे जिथे नोंदलंय, ती सगळी पानं दाखव. लक्षात घ्या, तो शब्द जिथे कुठे येतो ती पानं नव्हेत; तो शब्द या अर्थाने जिथे येतो ती पानं. ठळक-तिरक्याच्या पानांवर हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण उत्तर त्यांच्यात साठवलेलंच नाही.

दुसरं कारण डॅशचं, आणि ते ऐकून हसू येईल. टाईपसेटिंगमध्ये जोडशब्दातली आडवी रेघ वेगळी आणि वजाबाकीचं चिन्ह वेगळं. ग्रॉफमध्ये साधा डॅश टाईप केला की त्याचा अर्थ जोडरेघ. पर्यायासाठी उलट्या रेघेसकट डॅश लिहावा लागतो. अनेक लेखक ते विसरले. वर्षानुवर्षं ग्रॉफ ही चूक पोटात घालत होतं. २०२३ च्या १.२३ आवृत्तीत त्याने ते बंद केलं. त्यानंतर अशा पानावरून आज्ञा उचलून टर्मिनलमध्ये चिकटवली तर ती चालत नाही, कारण दिसायला डॅश असला तरी तो निराळाच अक्षरसंकेत असतो. एमडॉकमध्ये पर्यायापुढचा डॅश लेखक लिहीतच नाही. 'हा पर्याय आहे' एवढंच तो सांगतो आणि योग्य चिन्ह एफएल स्वतः घालतो. चूक करायला जागाच ठेवलेली नाही.

तिसरं कारण आपल्या लिपीचं. तिरकं अक्षर ही रोमन छपाईची परंपरा आहे. देवनागरीत ती मुळात नव्हती. आपल्याकडे अवतरणचिन्हं किंवा जाड ठसा वापरतात. त्यातून टर्मिनलवर तिरक्याऐवजी अधोरेखन येतं. आणि देवनागरीत अक्षराखाली रेघ मारली की ती कुठे जाते? थेट उकारावर, ऋकारावर, हलन्तावर. 'पुस्तक' आणि 'पूर्ण' यांतला ऱ्हस्व-दीर्घ ओळखायचा तर डोळे बारीक करावे लागतात. मराठीत मॅन्युअल लिहायचं म्हटलं आणि पानात 'हे तिरकं' असं कोरलेलं असेल, तर आपण एका परक्या लिपीची सवय गळ्यात बांधून घेतो. पानात 'ही भरायची जागा' असं लिहिलेलं असेल, तर ती कशी दाखवायची हे आपण आपल्या लिपीला शोभेल असं ठरवू शकतो. कंस, रंग, वेगळा ठसा, काहीही.

इथवर ऐकून वाटेल की मी एमडॉकचा भाट आहे. नाही. समीक्षा करायची तर पूर्ण करू.

पहिला दोष: भाषा तोंडात बसत नाही. शंभरावर मॅक्रो, बहुतेक दोन अक्षरी. एफएल, एफए, एफएन, एफटी, एफओ, एफसी. नवशिक्याला हे रेल्वे स्थानकांच्या कोडसारखं वाटतं. शिवाय स्वल्पविरामाचा नियम: चिन्ह सुटं, मध्ये जागा सोडून लिहायचं, म्हणजे ते मॅक्रोच्या बाहेर पडतं. नियम एकदा कळला की सोयीचा आहे. कळेपर्यंत मात्र लेखकाचा घाम निघतो.

दुसरा दोष: शब्दसंग्रह १९९० च्या सी प्रोग्रामरचा आहे. फंक्शनचा परतावा, आर्ग्युमेंटचा प्रकार, एररचं नाव यांना स्वतंत्र मॅक्रो आहेत. पण आजच्या साधनांमध्ये एका आज्ञेच्या पोटात वीस उपआज्ञा असतात, कॉन्फिगरेशन फाईलमध्ये किल्ल्यांच्या आत किल्ल्या असतात. त्यांच्यासाठी बहुधा एकच सीएम मॅक्रो, 'कमांड मॉडिफायर', पुढे करावा लागतो. म्हणजे पुन्हा सगळं एका माळेत, ज्याबद्दल आपण मघाशी जुन्या संचाला बोल लावला. दोन डॅशच्या लांब पर्यायांचंही तसंच. एफएल एक डॅश स्वतः देतो, म्हणून दुसरा लेखकाने हाताने लिहायचा. अर्थाच्या भाषेला हे ठिगळ शोभत नाही.

तिसरा दोष मला सगळ्यात जास्त खटकतो. ईएक्स नावाचा एक मॅक्रो आहे. तो लिहिला की पानात एक पूर्ण इंग्रजी वाक्य आपोआप येतं: प्रोग्राम यशस्वी झाला तर शून्य परत देतो, चूक झाली तर त्याहून मोठा आकडा, अशा अर्थाचं. काम वाचतं, खरं आहे. पण ही अर्थाची नोंद झाली का? ही एका भाषेतली तयार ओळ झाली. भाषांतर करणाऱ्याने तो मॅक्रो तसाच ठेवला तर मराठी परिच्छेदाच्या मधोमध इंग्रजी वाक्य उगवेल. अर्थ आणि रूप वेगळं करायला निघालेल्या भाषेने इथे भाषेलाच अर्थ समजण्याची गफलत केली आहे.

आता विरुद्ध पक्षाचं म्हणणं. ते म्हणतात, मार्कडाउन आहे ना! २००४ पासून सगळे तेच लिहितात, त्यातून मॅन पान काढून देणारी साधनंही आहेत. शिकायला पाच मिनिटं. या म्हणण्यात दम आहे. न लिहिलेल्या मॅन्युअलपेक्षा मार्कडाउनमध्ये लिहिलेलं मॅन्युअल हजार पटींनी बरं. पण मार्कडाउनमध्ये वाक्याच्या आत काय आहे? जोर, जास्त जोर, आणि कोड. ठळक-तिरक्याचाच नवा अवतार, फक्त टाईप करायला सोपा.

आणि इथे मुद्दा एकतर्फी रस्त्याचा येतो. एमडॉकवरून 'मॅन' संचात जाणं यांत्रिक काम आहे. मँडॉक ते करतो. ज्या यंत्रणांवर एमडॉक नाही त्यांच्यासाठी ओपनएसएसएचच्या सर्वत्र चालणाऱ्या आवृत्तीसोबतही त्याच कामाची एक छोटी स्क्रिप्ट येते. उलट दिशेने जायचं तर? एरिक रेमंड यांचा 'डॉकलिफ्टर' जुन्या पानांतून अर्थ काढून त्यांना डॉकबुकमध्ये नेतो, पण त्याला अंदाजच बांधावे लागतात. शेवटी माणसाला बसून तपासावं लागतं. पिठाचं पुन्हा धान्य होत नाही, तसं हे आहे. लिहिताना नोंदलेला अर्थ केव्हाही रूपात उतरवता येतो. लिहिताना टाकून दिलेला अर्थ मागाहून गोळा करायला पैसे, वेळ आणि जाणकार माणूस लागतो.

जुन्या छावणीलाही हे उमगलेलं दिसतं. ग्रॉफच्या त्याच १.२३ आवृत्तीत 'मॅन' संचात एमआर हा नवा मॅक्रो आला. काम काय, तर 'हा दुसऱ्या मॅन पानाचा संदर्भ आहे' असं सांगणं. म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी जुन्या संचाने अर्थाचा एक शब्द उसना घेतला. एमडॉकच्या मॅक्रोंची नावं टिकोत न टिकोत, त्याने मांडलेला प्रश्न टिकला आहे.

माझा निष्कर्ष असा. भाषा म्हणून एमडॉक खडबडीत आहे, शब्दसंग्रह जुना आहे, आणि त्यात इंग्रजी गृहीत धरलेली आहे. पण कारागिरीची शिस्त म्हणून ती योग्य बाजूला उभी आहे. तुमचं पान खरं आहे याची हमी ती देत नाही. प्रोग्राम न वाचणारं व्हेरिएबलही तुम्ही ईव्हीने नोंदवू शकता. पण पर्यायांची नोंद वेगळी असली की कोणी छोटी स्क्रिप्ट लिहून ती यादी प्रोग्रामच्या खऱ्या पर्यायांशी ताडून पाहू शकतो. खोटं पकडण्याची सोय तरी होते.

ज्यांना करून पाहायचं आहे त्यांनी स्वतःच्या एखाद्या लहान स्क्रिप्टचं पान एमडॉकमध्ये लिहावं. वीस-पंचवीस ओळी पुरतात. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा. ब्रायन कर्निहन यांनी १९७४ मध्येच नवशिक्यांना हा सल्ला दिला होता. मग मँडॉकच्या 'लिंट' तपासणीतून पान काढा. ती कुरकुर करेल, करू द्या. लिहिताना एक गोष्ट नक्की घडेल: प्रत्येक शब्दापाशी थांबून 'हा पर्याय आहे, किंमत आहे की फाईल आहे?' असं स्वतःला विचारावं लागेल. आणि दोन-तीन ठिकाणी असं आढळेल की उत्तर स्क्रिप्टमध्येच ठरलेलं नाही. तिथे आधी स्क्रिप्ट दुरुस्त करा, मग पान.

आता प्रश्न घेऊ या.