विश्वासार्ह निवेदक कोण? : केसपेपर, किशोरवय आणि आत्मकथन

निवेदकाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न वेन बूथ यांनी १९६१ मध्ये 'द ऱ्हेटॉरिक ऑफ फिक्शन' या ग्रंथात मांडला. निवेदकाचे बोलणे संहितेतील गर्भित लेखकाच्या मूल्यांशी कितपत जुळते, यावरून ती विश्वासार्हता ठरते, अशी त्यांची भूमिका आहे. हाच प्रश्न साहित्याबाहेरच्या एका संहितेत नित्य सोडवला जातो. ती संहिता म्हणजे मनोरुग्णालयातील केसपेपर. भारतीय मनोविकारचिकित्सेत रूढ असलेल्या नोंदीच्या आराखड्यात 'माहिती देणारा' असा एक रकाना असतो. आई, वडील वा मामा असे नाते तेथे नोंदवले जाते आणि त्यांची माहिती 'विश्वासार्ह व पुरेशी' आहे की नाही, याचा निर्वाळाही दिला जातो. रुग्ण चौदा-पंधरा वर्षांचा असेल, तर त्याच्या आजाराची कथा बहुतांशी या दुसऱ्या निवेदकाच्या तोंडून सिद्ध होते.

रुग्णाचे स्वत:चे बोलणे या संहितेत येतच नाही, असे नव्हे. तक्रारी त्याच्याच शब्दांत टिपाव्यात, असा दंडक आहे. परंतु मानसिक स्थितीच्या तपासणीपाशी पोहोचताच त्या बोलण्याचा दर्जा बदलतो. त्याची गती, सुसंगती, आशय हे सर्व लक्षण म्हणून वाचले जाते. अखेरीस 'अंतर्दृष्टी' सहा पायऱ्यांवर मोजली जाते. आजाराचा संपूर्ण नकार ही पहिली पायरी. मराठी समीक्षेत अंतर्दृष्टी म्हणजे रूढ अर्थापलीकडचे पाहण्याची शक्ती. केसपेपरात मात्र वाचणाऱ्याच्या निदानाशी निवेदकाची जी सहमती होते, तिचा या शब्दाच्या अर्थात मोठा वाटा असतो. बूथ यांची कसोटी येथे जवळजवळ जशीच्या तशी आढळते. गर्भित लेखकाच्या जागी फक्त चिकित्सक आलेला असतो.

यात भाषांतराचा पदर आणखी गुंतागुंत निर्माण करतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, गिरीजच्या परिसरात, सामवेदी आणि वाडवळी या बोली घरोघरी बोलल्या जातात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, आणि १९०१ साली स्थापन झालेले ठाण्याचे मनोरुग्णालय हेच या मुलखाचे जवळचे शासकीय आश्रयस्थान. तेथील मुलगी आपली भीती बोलीत अनुभवते, डॉक्टरांपुढे ती प्रमाण मराठीत सांगते आणि कागदावर ती बहुधा इंग्रजीत उतरते. 'रुग्णाच्या शब्दांत' या रकान्यात तिचा शब्द पोहोचतो तेव्हा तो दोनदा भाषांतरित झालेला असतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अठरा वर्षांखालील रुग्णाला महत्त्वाची संरक्षणे दिली. कलम ८७ नुसार त्याची व्यवस्था प्रौढांपासून वेगळी असावी लागते आणि दाखल केल्याची माहिती ७२ तासांत पुनर्विलोकन मंडळाला कळवावी लागते. मात्र अर्ज पालकाचा, संमतीही पालकाची, आणि पालक वा त्याने नेमलेली व्यक्ती मुक्कामभर सोबत. मुलाच्या इच्छेचा विचार करावा, असे कायदा सांगतो. पण ती जाणून घेता येत असेल तरच. ही सोबत मुलाला आधार देते, हे नि:संशय. तथापि जो निवेदक सदैव पालकाच्या कानांच्या टप्प्यात आहे, त्याच्या कथनात घराविषयी काय उरेल, हा प्रश्न राहतोच.

मराठीतील सुजाण कलाकृतीही या चौकटीपासून फार दूर जात नाहीत. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'त (२००४) स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषचे जग उमगते ते बरेचसे बहिणीच्या धडपडीतून. त्यांच्याच, सुवर्णकमळ मिळवणाऱ्या 'कासव'मध्ये तरुणाची निराशा निवळते ती समुद्राकाठच्या घरात, जानकीच्या साक्षीने. दोन्ही चित्रपटांचे मोठेपण निर्विवाद आहे. पण ते मोठेपण काळजी घेणाऱ्याच्या नजरेचे आहे. वॉर्डातली रात्र आणि कुलपाचा आवाज आतून सांगणारा किशोरवयीन निवेदक तेथे नाही.

असा निवेदक काय करू शकतो, याचे उदाहरण सुझाना केसन यांच्या 'गर्ल, इंटरप्टेड' (१९९३) या आत्मकथनात मिळते. १९६७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्या अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात दाखल झाल्या. पुढे वकिलामार्फत मिळवलेल्या केसपेपरांची पाने त्यांनी पुस्तकात प्रकरणांमध्ये जशीच्या तशी छापली. त्यामुळे एकेकाळी त्यांना सामावून घेणारी संहिता त्यांच्या कथनाचा एक भाग बनली. वाचकाला दोन्ही निवेदनांची विश्वासार्हता स्वत: तोलावी लागते.

याचा अर्थ रुग्णाचा प्रत्येक शब्द प्रमाण मानावा, असा नव्हे. पालकाच्या माहितीने जीव वाचतात, आणि भ्रमाला भ्रम म्हणणे हे उपचारांचे कर्तव्यच आहे. पण अविश्वसनीय निवेदक म्हणजे ऐकू नये असा निवेदक, हे समीकरण साहित्यविचाराने केव्हाच नाकारले आहे. 'बलुतं'ने (१९७८) मराठीला दाखवून दिले की ज्यांच्याविषयी इतरांनी लिहिले, ते स्वत: लिहू लागले की वाङ्मयप्रकारच बदलतो. २०१७ च्या कायद्याच्या कलम २५ ने रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क दिला आहे. आज वॉर्डात असलेली मुले उद्या सज्ञान होऊन ती पाने मागतील. त्या पानांच्या समासात ती जे लिहितील, ते केवळ लक्षण म्हणून न वाचता संहिता म्हणून वाचण्याची तयारी मराठी समीक्षेला आतापासूनच करावी लागेल.