तीन गावांचा हिशेब

'खारफुटीची जंगले वादळापासून किनाऱ्याचे रक्षण करतात' हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत दोन गुण मिळवतात. 'हे कशावरून?' असे मात्र क्वचितच कोणी विचारते. या वाक्याला आधार देणारा एक गाजलेला अभ्यास आम्ही म्हणूनच जरा बारकाईने वाचला.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील रुची बडोला व एस. ए. हुसेन यांनी भितरकनिका अभयारण्याच्या परिसरातील तीन गावांत नुकसानीचा हिशेब मांडला. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गावापुढे खारफुटी होती; दुसऱ्यापुढे आपल्या कोकणातल्या खारबंदिस्तीसारखा बांध होता; तिसरे उघडेच होते. दर कुटुंबामागे सरासरी नुकसान असे : खारफुटीचे गाव ३३ डॉलर, उघडे गाव ४४ डॉलर, आणि बांधाचे गाव १५४ डॉलर!

बांधाने राखायचे तर त्यानेच बुडवले. फुटलेल्या बांधातून खारे पाणी आत शिरले, पण उरलेल्या बांधामुळे त्याला परतीची वाट मिळेना. ते साचून राहिले. या अभ्यासातले सर्वांत मोलाचे निरीक्षण आमच्या मते हेच आहे, आणि नेमके तेच पाठ्यपुस्तकांत उतरलेले नाही.

खारफुटीबद्दलचा पुरावा मात्र इथे तितका भक्कम नाही. ३३ आणि ४४ यांत अंतर किती? शिवाय प्रत्येक प्रकारचे गाव एकेकच. जमिनीची उंची, समुद्रापासूनचे अंतर, घरांची बांधणी यांतला फरकही तेवढा असू शकतो. नववी-दहावीच्या वर्गात हे तीन आकडे फळ्यावर लिहावेत आणि आणखी कोणती माहिती हवी ते मुलांनाच विचारावे. तास रंगेल!

ही उणीव सौदामिनी दास व जेफ्री व्हिन्सेंट यांनी २००९ मध्ये बरीच भरून काढली. त्यांनी केंद्रपाडा जिल्ह्यातील ४०९ गावे घेतली. खारफुटी मुळातच आडोशाच्या जागी वाढते. मग श्रेय झाडांना द्यायचे की जागेला? म्हणून १९४४ साली खारफुटी कोठे होती, तेही त्यांनी हिशेबात धरले. तरीही निष्कर्ष टिकला : पट्टा जितका रुंद, तितके मृत्यू कमी. पण धोक्याच्या पूर्वसूचनेने याहूनही अधिक जीव वाचवले, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदले आहे.

आमचा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. बडोला-हुसेन यांच्या पाहणीत गावकऱ्यांनी खारफुटीचे उपकार मान्य केले, ती पुन्हा लावायला मदतीची तयारीही दाखवली. पण १९७५ पासून हे अभयारण्य आहे. सरपणावर बंधने आली, खाऱ्या पाण्यातल्या मगरी शंभराच्या आतून सतराशेच्या पुढे गेल्या. मासे पकडायला खाडीत उतरणाऱ्याला ही वाढ कशी वाटत असेल? वादळ कधीतरी येते, मगर रोजचीच. नुकसानीच्या त्या तक्त्यात या रोजच्या किमतीला रकानाच नाही.