चार्टिस्ट चळवळीची कारणमीमांसा

ब्रिटनमधील चार्टिस्ट चळवळ भुकेनें उभी केली, हें मत फार जुनें आहे. १९४८ सालीं वॉल्ट रोस्टो यांनीं धान्याचे भाव व व्यापारांतील चढउतार एकत्र मांडून लोकक्षोभाचा आलेखच काढला. अशा आर्थिक कारणमीमांसेवर गॅरेथ स्टेडमन जोन्स यांनीं ‘लँग्वेजेस ऑफ क्लास’ या १९८३ च्या ग्रंथांत आक्षेप घेतला आहे. त्याचें परीक्षण येथें करावयाचें आहे.

रोस्टो यांच्या आलेखांत तथ्य नाहीं असें नव्हे. १८३९ च्या अर्जावर सुमारें १२ लाख ८० हजार व १८४२ च्या अर्जावर ३३ लाखांहून अधिक सह्या झाल्या. तीं वर्षें मंदीचींच होतीं. परंतु भूक भाकरी मागते. ती मताचा हक्क कां मागेल? चार्टर, म्हणजे लोकांची सनद, मे १८३८ मध्यें प्रसिद्ध झाली. तिचीं सहा कलमें पाहावीं: प्रत्येक प्रौढ पुरुषास मत, गुप्त मतदान, सभासदत्वास मालमत्तेची अट नको, सभासदांस वेतन, समान मतदारसंघ व दरवर्षीं निवडणूक. त्यांत मजुरीचें किंवा धान्याचें एकही कलम नाहीं.

जोन्स यांचें उत्तर राज्यसंस्थेकडे बोट दाखवितें. १८३२ च्या कायद्यानें शहरांत वार्षिक दहा पौंड मोलाच्या घरांत राहणारांस मत मिळालें. बहुतेक मजूर बाहेर राहिले. १८३४ सालीं या सुधारलेल्या पार्लमेंटनेंच नवा कायदा करून मदत मागणाऱ्या गरिबास श्रमगृहाची वाट दाखविली. त्याच वर्षीं संघाची शपथ घेतल्याबद्दल डॉर्सेटमधील सहा शेतमजुरांस ऑस्ट्रेलियांत हद्दपार केलें गेलें. ज्याच्या हातीं मत त्याच्या हातीं कायदा, हा निष्कर्ष मजुरांनीं काढला. पुढें १८४२ चा खाणींचा व १८४७ चा दहा तासांचा कायदा झाला, मध्यंतरीं १८४६ सालीं परदेशी धान्यावरील जाचक कायदेही रद्द ठरले. तेव्हां राज्य केवळ नाडतें, हा युक्तिवाद लंगडा पडला. उदय व अस्त एकाच सूत्रानें उलगडणारी ही उपपत्ति आम्हांस बळकट वाटते.

मात्र तिचा पुरावा एकांगी आहे. जोन्स भाषणें व छापील मजकूर प्रमाण मानतात. त्यांत ‘जनता’ हा शब्द वरचढ दिसतो, म्हणून त्यांच्या लेखीं वर्गभावना गौण ठरते. परंतु १८४१ सालीं फर्गस ओकॉनर यॉर्कच्या तुरुंगांतून सुटले ते फस्टियनचा पोशाख घालून. हें जाडेंभरडें कापड मजुराचें. पुढारी कोणाच्या बाजूचा, हें त्या वेषावरून निरक्षरासही कळण्यासारखें होतें. पॉल पिकरिंग यांनीं १९८६ सालीं या पुराव्याकडे लक्ष वेधलें, तें योग्यच होय.

सारांश, भुकेनें चळवळीची वेळ ठरविली, कायद्यानें मागणीचें रूप ठरविलें, आणि कोणीं कोणाबरोबर उभें राहावें हें एकत्र केलेल्या श्रमानें ठरविलें, असें आमचें मत आहे. जोन्स यांचा ग्रंथ अभ्यासकांनीं अवश्य वाचावा. पण शब्द संपले म्हणजे पुरावा संपला, असें समजूं नये.