निसर्ग ऊर्जा जास्तीत जास्त उधळतो की कमीत कमी?

टर्ब्युलन्सवर वाचायला लागलात की दोन वाक्यं हमखास भेटतात. एक म्हणतं, निसर्ग एन्ट्रॉपीची निर्मिती कमीत कमी ठेवतो. दुसरं म्हणतं, जास्तीत जास्त करतो. दोन्हींना ‘तत्त्व’ म्हटलेलं असतं आणि दोन्हींमागे मोठी नावं असतात. मग प्रपोझलमध्ये कुठलं लिहायचं? माझं मत विचाराल तर आधी एका नळीचा हिशेब करा.

तापमान सगळीकडे सारखं असेल तर श्यानतेमुळे दर सेकंदाला जेवढी ऊर्जा उष्णतेत जाते, तिला केल्विनमधल्या तापमानानं भागलं की एन्ट्रॉपी-निर्मितीचा दर मिळतो. नळीत हा ऊर्जाव्यय म्हणजे दाबातला फरक गुणिले दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याचं आकारमान.

गुळगुळीत नळी घ्या, रेनॉल्ड्स अंक १०,०००. लॅमिनर प्रवाहाचा घर्षणांक ६४ भागिले रेनॉल्ड्स अंक, म्हणजे ०.००६४. टर्ब्युलंट प्रवाहासाठी ब्लासियसचं सूत्र साधारण ०.०३१६ देतं. पाणी तेवढंच वाहत ठेवलं, तर टर्ब्युलंट प्रवाह सुमारे पाचपट ऊर्जा उधळतो. ‘जास्तीत जास्त’वाले खूश!

आता पाण्याऐवजी दाबातला फरक पक्का ठेवा. तेवढ्याच दाबावर प्रवाह लॅमिनर राहिला असता, तर सुमारे पाचपट पाणी गेलं असतं. (रेनॉल्ड्स अंक साधारण ४९,००० झाला असता. खूप काळजी घेतली तर प्रयोगशाळेत तिथंही प्रवाह लॅमिनर ठेवता येतो.) दाब तोच, पाणी पाचपट, म्हणजे ऊर्जाव्ययही पाचपट, पण या वेळी लॅमिनरचा. नळी तीच, नेव्हियर-स्टोक्स समीकरणं तीच, उत्तर मात्र उलटं. बदललं एवढंच, की आपण काय पक्कं धरलं.

आता मोठ्या नावांकडे वळू. हेल्महोल्ट्झचं १८६८ चं ‘कमीत कमी’चं प्रमेय खरंच आहे, पण ते जडत्व नगण्य असलेल्या संथ प्रवाहांसाठी. प्रिगोझिनचं तत्त्व समतोलाजवळच्या, रेषीय परिस्थितीतलं. टर्ब्युलन्स तर जडत्वाच्या अरेषीय पदावरच जगतो. ही दोन्ही त्याला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यानं वाचणं.

‘जास्तीत जास्त’च्या बाजूला माल्कस, १९५६. त्याची कल्पना अशी: सरासरी वेग स्थैर्याच्या काठावर असतो आणि त्या मर्यादेत ऊर्जाव्यय कमाल असतो. कल्पना धाडसी होती आणि तपासता येण्यासारखी होती, हे तिचं मोठेपण. १९६७ मध्ये रेनॉल्ड्स (रेनॉल्ड्स अंकवाले नव्हेत) आणि टीडरमन यांनी ती तपासली. प्रत्यक्षातला सरासरी वेग काठावर नव्हताच. तो चांगला स्थिर निघाला.

तरी या वाटेनं हाती काहीच लागलं नाही, असं म्हणू नका. डोअरिंग आणि कॉन्स्टँटिन यांनी १९९२ मध्ये, एक पाटी सरकत असलेल्या दोन पाट्यांमधल्या प्रवाहासाठी, थेट समीकरणांवरून सिद्ध केलं की प्रति वस्तुमान सरासरी ऊर्जाव्यय ‘एक स्थिरांक गुणिले वेगाचा घन भागिले अंतर’ याच्या वर जाऊ शकत नाही. हे प्रमेय आहे. पण ‘वर जाऊ शकत नाही’ म्हणजे ‘तिथवर जातो’ असं नाही. मोजलेला ऊर्जाव्यय याच मापात रेनॉल्ड्स अंकाबरोबर हळूहळू उतरत जातो. ती मर्यादा उतरत नाही. ही दरी का आहे, हा संशोधनाचा चांगला प्रश्न आहे. ‘निसर्गाला उधळायला आवडतं’ हे त्याचं उत्तर नाही.

म्हणून पुढचा असा पेपर हातात आला की तीन गोष्टी बघा. काय पक्कं धरलंय? कमाल कुठल्या प्रवाहांमधून निवडली? आणि मर्यादा आधी ठरवल्या, की मोजमापाशी जुळेपर्यंत बदलत नेल्या? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पेपरात सापडलं नाही, तर ते भाकीत नव्हे, कर्व्ह-फिटिंग समजा.