साळा झाला कोतवाल

नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनी-रामटेक पट्ट्यात दिवाळी सरली की मंडया, म्हणजे गावजत्रा, भरतात आणि मंडईच्या रात्री खडी गंमत रंगते. आधी गण, मग गौळण, पुढे झगडा आणि उत्तररात्री वग. पडदा नाही, नेपथ्य नाही. ढोलकी-तुणतुण्यावाले मागे उभे आणि बाईचं सोंग साडी नेसलेल्या पुरुषाचं. एवढ्या भांडवलावर आपल्या लोकरंगभूमीनं राजसत्तेची टिंगल केली. आज ती टिंगल बोथट झाली आहे, असं माझं मत आहे.

वगातलं राज्य हे नेहमी एक घर असतं. तिथं कारभार नात्यांनी चालतो. वसंत सबनीसांनी १९६५ साली ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये नेमकं हेच उचललं. कोतवाल मरतो, हवालदाराला वाटतं आता आपली पाळी. प्रधान मात्र आपल्या मेव्हण्याला गादीवर बसवतो. मग हवालदाराची मैना नव्या कोतवालाला भुलवते आणि खुद्द राजाचा छपरी पलंग चोरायला लावते. दादा कोंडक्यांचा हवालदार प्रयोगागणिक ताज्या बातम्यांवर कोट्या करी, म्हणून तेच नाटक लोक पुन्हा पुन्हा पाहायला येत. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) हाच सौदा बीभत्स होतो: पेशवाईतल्या खऱ्या नाना फडणवीसांना गौरी मिळते, तिच्या बापाला, घाशीरामला, कोतवाली. एकाच्या प्रयोगांत हशा पिकला, दुसऱ्याचे एकोणीस प्रयोगांनंतर थांबले. नाव घेतलं की हसू आटतं, हे वगवाल्यांना आधीच ठाऊक होतं. त्यांचा राजा कायम बिननावाचा.

पारशिवनीत विषयांचा दुष्काळ नाही. तालुक्यातलं नवेगाव खैरीचं पाणी नागपूरचे नळ भरतं. कन्हान नदीची रेती टिप्परमध्ये बसून कुठं जाते आणि घाटावर कुणाचा जवाई उभा असतो, यावर एक उत्तम बतावणी, म्हणजे विनोदी सवाल-जवाब, सहज उभी राहील. हा तर रामटेक लोकसभेचा मुलूख; १९८४ आणि १९८९ साली आंध्र प्रदेशच्या नरसिंह रावांना इथल्याच मतदारांनी दिल्लीला धाडलं. बाहेरचा पाहुणा येऊन घरचा मालक होतो, ही तर वगाची आयती गोष्ट!

अडचण पुढच्या खुर्चीची आहे. ज्याची खिल्ली उडवायची तोच उद्‌घाटक, तोच बक्षीस देणारा. शाहिरांची पथकं सरकारी योजनांच्या प्रचाराला जातात, म्हाताऱ्या कलावंताचं मानधन समितीच्या शिफारशीवर हलतं. अशा शाहिराला भित्रा म्हणायला मी तयार नाही; पोट त्यालाही आहे. पण परिणाम दिसतो. स्वच्छतेचं, व्यसनमुक्तीचं गाणं ठणठणीत होतं, राजकारण द्व्यर्थी विनोदात लपतं, आणि तो विनोदही हळूहळू नुसताच द्व्यर्थी उरतो. गंमत अशी की नाटकाच्या लिखित संहितेला सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाची परवानगी लागते. ऐनवेळी सुचलेल्या बतावणीला कोण कात्री लावणार? हे स्वातंत्र्य वगाला परंपरेनंच मिळालंय, आणि तेच सर्वात कमी वापरलं जातंय.

सर्वात मोठा विषय तर गावोगाव खुर्ची टाकून बसलाय. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये बायकांना निम्म्या जागा राखीव आहेत. सही बाईची, बैठकीत नवरा. लोक त्याला बिनदिक्कत ‘सरपंचपती’ म्हणतात. सत्ता आणि संसार इतके एकमेकांत गुंतलेले सबनीसांनाही सापडले नव्हते. खडी गंमतीत पुरुष साडी नेसून बाई होतो, ग्रामपंचायतीत साडी न नेसता. साडीतल्या नटानं सरपंचीणबाई होऊन भर मंडईत नवऱ्याकडून आपला शिक्का परत मागितला, तर झगडा आणि वग दोन्ही एकाच प्रवेशात होतील. त्यासाठी नवी संहिताही नको. जुन्या कोतवालाच्या जागी हा नवरा बसवला की झालं; पुढचं त्या गावचे लोकच सुचवतील, आणि त्यात बाया मागं राहणार नाहीत.