दौलतजादा आणि तिकीट

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एक बाई सकाळीच घरी आल्या आणि हातातला मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "सर, एवढं बघून सांगा. पैसे कुठं गेले काहीच कळंना." पाहिले, तर पाच आठवड्यांत तीन हजार सातशे रुपये गेलेले. एकरकमी नव्हे, कधी एकोणतीस, कधी एकोणऐंशी, कधी दीडशे. बचत गटाचा हप्ता भरण्यासाठी बाजूला ठेवलेली ती रक्कम. चोर घरातच होता. माझ्याच वर्गातला, सातवीतला. आईच्या फोनचा पिन त्याला ठाऊक असणारच. तो त्यानेच तिला बसवून दिला होता. दाराशी उभा राहून अंगठ्याने जमीन उकरीत तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पण खेळ तर फुकटचा हाय!"

शिक्षक या नात्याने मी त्याला रागावलो. पण मी कादंबऱ्याही लिहितो, आणि त्या दुसऱ्या माणसाला राहवेना. ज्याच्यापायी मुलगा आईचा हप्ता उचलतो, त्या खेळात अशी कोणती गोष्ट सांगितली आहे ते पाहावे म्हणून मी तो स्वतःच्या फोनवर घेतला आणि आठ-दहा संध्याकाळी त्याच्याशी झटलो.

आरंभ मोठा मनोहर आहे. पहिल्या काही पायऱ्या आपण चढत नाही, कोणी तरी आपल्याला उचलून नेते. पावलोपावली नाणी, रत्ने, शाबासकी! मग एके ठिकाणी वाट अडते. आपले कौशल्य संपले म्हणून ती अडत नाही. इथे अडावी असे ठरलेलेच असते. अडल्याबरोबर एक पेटारा समोर येतो, आणि एकोणतीस रुपयांत मार्ग मोकळा होतो. ही युक्ती काही त्या एका खेळाची नव्हे. 2012 मध्ये मोबाइलवर आलेला 'कँडी क्रश सागा' साऱ्या जगाला परिचित आहे. त्यात पाच जीव मिळतात, गेलेला जीव अर्ध्या तासाने परत येतो, आणि तेवढा दम नसेल तर सोन्याच्या विटा विकत घ्याव्या लागतात. म्हणजे तिथे विकली जाते ती करमणूक नव्हेच. करमणुकीतला अडथळा दूर करण्याची सोय विकली जाते. अडथळा घालणाराही तोच आणि काढणाराही तोच!

त्याआधी, 2009 मध्ये, 'फार्मव्हिल' नावाचा शेतीचा खेळ निघाला होता. वेळेवर काढणीला आला नाहीत की त्यातले पीक वाळून जाई, आणि पैसे मोजले की ते पुन्हा हिरवे करता येई. 2020 च्या अखेरीस तो बंद झाला. आमच्या उमरगा तालुक्यात पीक वाळणे म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कल्पना सुचली नसती.

आता मी असा विचार केला, की माझी कादंबरी फुकट वाटून प्रत्येक प्रकरणाच्या दाराशी पाच रुपये घ्यायचे ठरले, तर मी कसा लिहीन? नायिकेचे पत्र नायकाच्या हाती पडू देईन काय? छे! ते पत्र मी साठ पाने टपालात हिंडवीन. शेवट तर लिहिणारच नाही, कारण शेवट झाला की मिळकत थांबली. पैसे कसे घेतले जातात ही केवळ दुकानदारीची बाब नाही. ती लेखणीत शिरते, आणि पुढे तीच लिहू लागते.

आपल्याकडे ही गोष्ट जुन्या जाणत्यांना चांगली कळत होती. ढोलकी-फडाचा तमाशा तिकीट लावून होतो. कनातीच्या आत गेलात की गण, गवळण, बतावणी आणि वग. वग सुरू झाला की तो त्याच्या शेवटाला जाणार. फडमालकाचा पैसा आधीच पेटीत पडलेला असतो, त्यामुळे राजाला मारावे की तारावे हे कथा ठरवते. संगीत बारीत दौलतजादा असते. नोट पुढे आली की गाणे थांबते, देणाऱ्याचे नाव पुकारले जाते, त्याच्या फर्माइशीची ओळ पुन्हा होते. गाणे कुठे जाईल हे रंगात आलेला खिसा ठरवतो. (बारीच्या कलावतींना मी इथे उणे म्हणत नाही. तिथे नोट निदान गाणारीच्या हाती पडते, आणि देणाऱ्यालाही आपण किती उधळतो ते दिसत असते.) मोबाइलच्या खेळात रुपयांची आधी रत्ने होतात आणि मग रत्नांचा खर्च होतो. सातवीतल्या मुलाने रत्ने उधळली. रुपये उधळल्याचे त्याला खरोखरच कळले नसावे.

म्हणून फुकट ते वाईट, असे मात्र मला म्हणवत नाही. कीर्तन फुकटच असते. आरतीचे ताट फिरते, ज्याला जे जमेल ते तो टाकतो. पण ताट फिरते ते शेवटी! हरिश्चंद्र स्मशानात उभा असताना बुवांनी आख्यान थांबवून श्रोत्यांपुढे ताट धरले आहे, असे कोणी पाहिले आहे काय? शिवाय मोठ्या खेळांच्या किमती चार-पाच हजारांवर गेल्या आहेत. तिकिटाचाच आग्रह धरला तर उमरग्याची पोरे कनातीबाहेरच राहतील. नवी मुंबईत तयार झालेला 'लुडो किंग' 2016 पासून फुकट आहे. जाहिराती दाखवतो, नाणी विकतो. पण 2020 च्या टाळेबंदीत त्याने हैदराबादची मावशी आणि उमरग्याची आजी यांना एका पटावर बसवले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि ज्या दिवाळी अंकात हे लिहितो आहे, तोही निम्मा जाहिरातदारांच्या जिवावर निघतो! मात्र कथेच्या मध्यावर वाचकाला अडवून कोणी साबण विकत नाही.

कायद्याचे म्हणाल, तर 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पण त्याचा रोख जिथे जिंकून पैसे मिळण्याची आशा असते तिकडे आहे. जिथे फक्त जातच राहतात, तो खेळ त्या अर्थाने जुगार ठरत नाही. बेल्जियमने 2018 मध्ये नशिबाच्या पेटाऱ्यांनाही जुगारात धरले, ते मला अधिक समंजसपणाचे वाटते.

दिवाळीच्या सुटीत माझा पुतण्या पुण्याहून लॅपटॉप घेऊन आला. त्यात 'राजी' हा खेळ होता. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेने तो 2020 मध्ये काढला. 2017 मध्ये लोकवर्गणीने पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी काम सोडले नाही. एकदा किंमत द्यायची आणि खेळायचे, असा तो रोख व्यवहार. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधीत निघालेली ही राजी कसरतीचे खेळ करणारी मुलगी आहे. तिची कहाणी दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत सांगतात. मागे पहाडी चित्रशैलीचे रंग, मध्येच बाहुल्यांच्या सावल्या. दोष आहेत, लढाया एकसुरी होतात आणि शेवट घाईने उरकल्यासारखा वाटतो. परंतु जिथे वाट अडते तिथे ती गोष्टीच्या गरजेने अडते. राजी पडली तर पुन्हा उठते, आणि त्याचे कोणी काही मागत नाही.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पुतण्या तो खेळत बसला असता गल्लीतला तो मुलगाही येऊन बसला. फराळाची बशी मांडीवर तशीच. दोन दिवसांत पाच-सहा तासांचा तो खेळ पुरा झाला आणि पडद्यावर करणाऱ्यांची नावे सरकू लागली. मुलगा वाट पाहत राहिला. नावेही संपली तेव्हा त्याने माझ्याकडे वळून विचारले,

"सर, आता फुडं?"

"पुढं काही नाही. संपला."

"म्हंजे पैसे भरायचे का?"

"नाही रे. खेळ संपला."

तो थोडा वेळ त्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिला. मग बशीतली करंजी उचलून म्हणाला, "खेळ संपतो व्हय, सर?"